लांब पल्ल्याच्या क्रूझवर किनाऱ्यावरच्या सहली कशा निवडाव्यात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१९ साली आम्ही उभयतांनी सिंगापूरहून निघून कोलंबो, मुंबई आणि सुएझमार्गे इटलीपर्यंतचा समुद्रप्रवास केला. मी शिक्षकी पेशातून निवृत्त झालो होतो आणि संत्र्याचा बहरही चांगला साधला होता. तेव्हापासून वरुड-मोर्शी भागातील परिचित मंडळी क्रूझचे कागद घेऊन घरी येतात. तिकीट आणि केबिन त्यांनी आधीच ठरवलेले असते. अडते ते एकाच ठिकाणी, ते म्हणजे जहाज ज्या बंदरात थांबेल तेथे उतरून काय पाहावे आणि त्यासाठी कोणाला पैसे द्यावेत. ते प्रश्न आणि माझी उत्तरे येथे एकत्र मांडत आहे.

शोअर एक्स्कर्शन म्हणजे नेमके काय? ती तिकिटातच धरलेली नसते का?

जहाज बंदरात थांबले असताना प्रवाशांना गावात किंवा आसपास फिरवून परत आणण्याची जी सहल असते, तिला शोअर एक्स्कर्शन म्हणतात. बहुतेक कंपन्यांच्या तिकिटात राहणे आणि जेवण असते. या सहलींचे पैसे वेगळे आणि माणशी घेतात. काही महागड्या कंपन्या थोड्या सहली तिकिटात देतात, म्हणून आपल्या कागदावर काय लिहिले आहे ते एकदा वाचून घ्यावे. सहल घेण्याची सक्ती मात्र कोठेही नसते. आपण स्वतः उतरून फिरू शकता, किंवा जहाजावरच बसून राहू शकता.

आमच्या कार्यक्रमपत्रिकेत “रोम” असे लिहिले आहे. म्हणजे जहाज रोमलाच लागणार ना?

नाही, आणि सहली निवडण्याची सुरुवात नेमकी येथूनच करावी लागते. रोम समुद्रकाठी नाही. जहाज चिविटावेक्किया नावाच्या बंदराला लागते आणि तेथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर, म्हणजे साधारण वर्ध्याहून नागपूर. फ्लॉरेन्ससाठी जहाज लिव्होर्नोला लागते, तेथूनही जवळपास तेवढेच जावे लागते. पॅरिसचे बंदर म्हणून जे ल हाव्र दाखवतात, तेथून पॅरिस सुमारे २०० किलोमीटर आहे. कैरोसाठी अलेक्झांड्रियाहून सुमारे २२० किलोमीटर जावे लागते, तर बँकॉकसाठी लाएम चाबांगहून शंभराच्या वर. व्हेनिसची गोष्ट आणखी निराळी आहे. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना शहरालगतच्या ज्युदेक्का कालव्यातून जाण्यास बंदी आहे, त्यामुळे अनेक जहाजे रावेन्ना किंवा त्रिएस्ते येथे थांबतात. रावेन्नाहून व्हेनिस म्हणजे आपले अमरावती ते नागपूर होय.

म्हणून पत्रिका हाती आली की बंदराचे खरे नाव शोधावे आणि वहीत तासांचा हिशेब मांडावा. समजा जहाज सकाळी ७ वाजता लागते आणि सायंकाळी ६ वाजता सुटते. कागदावर हे अकरा तास झाले. त्यातून उतरण्याची परवानगी मिळून प्रत्यक्ष बसमध्ये बसेपर्यंतचा एक तास वजा करावा. जहाजावर परतण्याची अखेरची वेळ सुटण्याच्या अर्धा-पाऊण तास आधीची असते, त्यात थोडी सावधगिरी धरून आणखी एक तास सोडावा. रोमला जाण्या-येण्यात तीन तास जातात, जेवणात एक. उरतात पाच तास, आणि पाच तासांत रोमची दोन-तीन ठिकाणे समाधानाने पाहून होतात. हाच हिशेब पॅरिसला लावला तर जाण्या-येण्यातच सहा तास संपतात आणि आयफेल टॉवरखाली उभे राहून छायाचित्र काढण्यापलीकडे हाती फारसे काही लागत नाही. अशा वेळी ल हाव्रच्या आसपासचा नॉर्मंडीचा किनारा किंवा ओंफ्लरसारखे जुने बंदर पाहावे, असे मी आग्रहाने सांगतो. ते गाव अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहे आणि तेथे आपल्याला बसता येते, चालता येते, माणसे पाहता येतात.

एवढ्या दूर जायचे, तर प्रत्येक बंदरात सहल घ्यायला नको का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्यामागची भावना मी पूर्णपणे समजू शकतो. शेतीतून पै-पै साठवून आयुष्यात एकदा निघालेल्या माणसाला काहीही सुटू नये असेच वाटणार. आम्हीही पहिल्या दहा दिवसांत एकही बंदर सोडले नाही. पहाटे पाचला उठायचे, सातला बसमध्ये बसायचे आणि संध्याकाळी पाय सुजवून परतायचे. सहाव्या सहलीच्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी मला शांतपणे सांगितले की आज त्या डेकवर खुर्ची टाकून बसणार आहेत आणि मी एकट्याने जावे. मी गेलो. त्या सहलीतील मला आज काहीही आठवत नाही, आणि त्यांनी त्या दिवशी डेकवरून बंदरात चाललेली मालाची चढ-उतार, मासेमारांच्या होड्या आणि समुद्रावर उतरलेला पाऊस यांचे केलेले वर्णन मात्र अजून लक्षात आहे.

तेव्हापासून माझा सल्ला असा की लांबच्या प्रवासात तीन प्रकारची बंदरे आधीच वेगळी काढावीत. ज्यासाठी आपण घरून निघालो आहोत, अशी चार-पाच ठिकाणे निवडावीत आणि तेथे पैशाकडे पाहू नये. पिरॅमिड पाहायचे असतील तर ते नीटच पाहावेत. जेथे गाव बंदराला लागूनच आहे, तेथे विकतची सहल घेऊच नये. उरलेल्या बंदरांत विश्रांती घ्यावी, आणि ती सलग दोन दमवणाऱ्या दिवसांनंतर येईल अशी योजावी. सात दिवसांच्या क्रूझवर रोज धावणारा माणूस घरी येऊन झोपतो. अठ्ठावीस दिवसांच्या प्रवासात त्याला झोपण्यासाठी घर उरत नाही.

कोणत्या बंदरांत स्वतःचे स्वतः फिरता येते?

मलेशियातील पेनांग येथे जहाज जॉर्जटाउनच्या जुन्या वस्तीलाच लागते. ती वस्ती २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि पायी पाहण्यासारखी आहे. सिंगापूरच्या मरीना बे क्रूझ सेंटरजवळ मरीना साऊथ पिअर हे मेट्रो स्थानक आहे. बार्सिलोनात शहराचा जुना भाग बंदराच्या जवळ आहे. मात्र सग्रादा फमिलिया या चर्चचे तिकीट वेळ ठरवून आधीच ऑनलाइन काढावे लागते. अथेन्सचे बंदर पिरेयस शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर असून तेथून थेट मेट्रो आहे. गर्दीच्या डब्यात खिसेकापूंपासून जपावे.

रोमलाही आगगाडीने जाता येते. चिविटावेक्कियाच्या स्थानकावरून साधी गाडी तास-सव्वा तासात शहरात पोहोचते. इटलीत कागदी तिकीट फलाटावरील यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो. तो राहिला तर तिकीट असूनही दंड होतो, आणि आपल्याकडच्या प्रवाशाच्या हे ध्यानात येत नाही.

जहाज कंपनीची सहल महाग आहे. बंदराबाहेरची टॅक्सी निम्म्यात जाते म्हणतात. मग कंपनीला पैसे का द्यावेत?

चौघे मिळून टॅक्सी केली तर ती स्वस्त पडते, हे खरे आहे. शिवाय आपल्या सोयीने थांबता येते, पन्नास माणसे बसमधून उतरेपर्यंत ताटकळावे लागत नाही. परंतु कंपनीच्या सहलीत आपण जो जास्तीचा पैसा देतो, तो मुख्यतः एका हमीचा असतो. कंपनीची बस वाटेत अडकली तर जहाज सहसा तिच्यासाठी थांबते, किंवा प्रवाशांना पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था कंपनी करते. आपण केलेली टॅक्सी अडकली तर जहाज आपल्यासाठी थांबत नाही. ताडोबाचे प्रवेशद्वार जसे ठरल्या वेळी बंद होते, तसेच हे समजावे. जहाजाला बंदरातील जागा वेळेवर रिकामी करून द्यावी लागते.

भारतीय पारपत्रधारकासाठी यात एक जास्तीची अडचण आहे. जहाज चुकले तर पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चाने जावे लागते. युरोपीय किंवा अमेरिकी प्रवासी विमान पकडून निघतो. आपल्याला मात्र पुढच्या देशाचा व्हिसा हाती असेल तरच विमानात बसू देतात, आणि काही देशांत तर क्रूझच्या प्रवाशाला फक्त त्या दिवसापुरतीच उतरण्याची परवानगी असते. म्हणून मी एक साधी रेघ आखून ठेवली आहे: बंदरापासून तासाभराच्या आतले ठिकाण असेल तर टॅक्सी किंवा आगगाडी, त्यापलीकडचे असेल तर कंपनीची बस. जॉर्डनमधील अकाबा बंदराहून पेट्रा हे प्राचीन शहर सुमारे दोन तासांवर आहे, इजिप्तमधील सफागा बंदराहून लक्झरची प्राचीन मंदिरे तीन तासांहून अधिक. अशा ठिकाणी टॅक्सीवाल्याने कितीही कमी दर सांगितला तरी कंपनीच्या बसनेच जावे.

जहाज चुकण्याची वेळ आलीच, तर घाबरून इकडेतिकडे धावू नये. जहाजावर रोज जो छापील कार्यक्रम मिळतो, त्यावर त्या बंदरातील कंपनीच्या प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक असतो. तो कागद उतरताना खिशात हवाच.

व्हिसाचा सहलींशी काय संबंध?

जहाजावर बसण्यापुरता नव्हे, तर मार्गातील देशांत उतरण्यासाठीही व्हिसा लागतो. युरोपातील बहुतेक देशांसाठी मिळून जो एकच शेंगेन व्हिसा असतो, तो काढताना एकापेक्षा अधिक प्रवेशांचा मागावा. इटलीहून निघालेले जहाज मध्ये तुर्कस्तान किंवा माँटेनेग्रोला थांबून पुन्हा ग्रीसला आले, तर तो दुसरा प्रवेश धरला जातो. एका प्रवेशाचा व्हिसा असलेल्या प्रवाशाची तेथे मोठी पंचाईत होते आणि कधी कधी त्याला जहाजावरच चढू देत नाहीत. देशागणिक नियम बदलत असतात, म्हणून सहलीचे पैसे भरण्यापूर्वी प्रत्येक बंदराचा नियम त्या-त्या दूतावासाच्या संकेतस्थळावर तपासावा. गावातल्या एजंटच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

माझे गुडघे दुखतात. सहलीत किती चालावे लागेल, हे आधी कसे कळेल?

प्रत्येक सहलीच्या माहितीपत्रकात सोपी, मध्यम किंवा कठीण अशी खूण असते. ती खूण पाहावी, पण तेवढ्यावर थांबू नये. “मध्यम” या शब्दाखाली दोन किलोमीटर सपाट रस्ताही येतो आणि दीडशे पायऱ्याही येतात. सहलींच्या काउंटरवर जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: पायऱ्या किती, बस ठिकाणाच्या किती जवळ जाते, आणि मध्येच थकल्यास बसायला जागा आहे का.

काही ठिकाणांची माहिती मी सांगू शकतो. अथेन्सच्या अक्रोपोलिस या प्राचीन मंदिरांच्या टेकडीवरील संगमरवर पायांच्या वर्दळीने गुळगुळीत झाला आहे आणि कोरड्या दिवशीही पाय घसरतो. इटलीतील पॉम्पेई या प्राचीन शहराच्या अवशेषांतील रस्ते मोठमोठ्या उंचसखल दगडांचे आहेत. सँटोरिनीत जहाज खोल समुद्रात थांबते, छोट्या नावेने काठावर नेतात, आणि तेथून वरच्या गावात जाण्यासाठी केबल कार, खेचर किंवा पाचशेहून अधिक पायऱ्या असे तीनच मार्ग आहेत. खेचराचा मार्ग वयस्कांनी घेऊ नये. केबल कारच्या रांगेसाठी तास-दीड तास हाताशी ठेवावा. तुर्कस्तानातील एफेसस या प्राचीन शहराच्या अवशेषांना सहलीच्या बस बहुधा वरच्या दाराशी सोडतात आणि खालच्या दाराशी घेतात, त्यामुळे सारी चाल उताराची असते. चढापेक्षा उतार गुडघ्यांना अधिक जाचतो हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी काठी सोबत घ्यावी.

उन्हाचे भय विदर्भातील माणसाला सांगण्याची गरज नसावी. तरीही परदेशात निघालो म्हणून आपण टोपी आणि उपरणे घरी ठेवतो, हे मी पाहिले आहे. जुलै २०२३ मधील उष्णतेच्या लाटेत अक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवावे लागले होते. भूमध्य सागराच्या बाजूला उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी सकाळची सहल घ्यावी.

आईला इंग्रजी कळत नाही. गाईड इंग्रजीतच बोलतो. मग तिला सहलीचा काय उपयोग?

उपयोग निश्चित आहे, पण सहल तिला पाहून निवडावी. जेथे सारे काही सांगण्यावर अवलंबून आहे, असे संग्रहालय तिला कंटाळवाणे होईल. जेथे डोळ्यांनी पाहूनच मन भरते, असा बाजार, डोंगर, मंदिर, होडीतील फेरी किंवा एखादी शेती तिला आपल्याहून जास्त दिसेल. मोर्शीकडच्या एका काकूंनी ग्रीसमधील एका सहलीत ऑलिव्हच्या बागेच्या मालकाशी खुणांनीच झाडाच्या छाटणीविषयी चर्चा केली होती, आणि त्या बागेविषयी त्यांना जे कळले ते आमच्यापैकी कोणालाही कळले नव्हते. आदल्या रात्री केबिनमध्ये बसून तिला त्या ठिकाणाची गोष्ट मराठीत सांगावी. उतरताना बसचा क्रमांक, जहाजाचे नाव आणि बंदराचे नाव स्थानिक लिपीत लिहिलेला कागद तिच्या पिशवीत ठेवावा. जहाजाच्या स्वागतकक्षातील कर्मचारी असा कागद लिहून देण्यास मदत करतात.

सहलीत शाकाहारी जेवणाचे काय? घरचे खाणे सोबत नेता येईल का?

“दुपारच्या जेवणासह” असे लिहिलेल्या सहलीत शाकाहाराची सूचना सहल घेतानाच द्यावी आणि आदल्या संध्याकाळी पुन्हा आठवण करावी. अंडे आणि मासे चालत नाहीत हे वेगळे सांगावे लागते, कारण काही देशांत मासे खाणाऱ्यालाही शाकाहारी समजतात.

घरच्या खाण्याबद्दल मात्र नियम कडक आहेत. जहाजाच्या जेवणघरातील फळे किंवा शिजवलेले अन्न बहुतेक बंदरांत काठावर नेता येत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे पिशवीत राहिलेले एक संत्रेही महागात पडते. न्यूझीलंडमध्ये अशी वस्तू जाहीर न केल्यास जागेवरच ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होतो. आपण संत्र्यावरील रोगांनी बागा गमावलेली माणसे आहोत, तेव्हा या नियमामागचे कारण आपल्याला कोणी समजावून सांगावे लागू नये. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे, म्हणून पेढे आणि खव्याची मिठाई नेऊ नये. सिंगापुरात खसखस चालत नाही. मसाल्याच्या डब्यातून ती काढून ठेवावी.

आणि खर्रा?

सिंगापुरात खाण्याचा तंबाखू नेणे हा गुन्हा आहे. खर्रा, गुटखा, सुगंधी तंबाखू यांपैकी काहीही नेऊ नये, आणि इतर देशांतही रस्त्यावर थुंकण्याचा दंड मोठा असतो. ही सवय असलेल्यांनी निघण्यापूर्वी काही आठवडे ती सोडण्याचा प्रयत्न करावा, असे मी कळकळीने सांगतो.

आम्हाला मार्गातील बौद्ध स्थळे पाहायची आहेत. कोणत्या सहली घ्याव्यात?

आमच्या भागातून जाणाऱ्या अनेक कुटुंबांची ही पहिली मागणी असते, आणि कंपन्यांच्या पत्रकात ही स्थळे “शहर दर्शन” या नावाखाली दडून राहतात. १९५० साली बाबासाहेब ज्या श्रीलंकेत बौद्ध परिषदेसाठी गेले होते, तेथे जहाज कोलंबोला लागते. बुद्धांच्या दंतधातूचे (दाताच्या अवशेषाचे) मंदिर कँडीला, सुमारे ११५ किलोमीटरवर आहे. रस्ता घाटाचा असल्याने एका बाजूला तीन तासांहून अधिक लागतात, त्यामुळे जहाज बारा तास थांबणार असेल तरच ती सहल घ्यावी. थांबा कमी असेल तर शहरापासून जवळ असलेला केलनियाचा महाविहार आणि कोलंबोतील गंगारामय विहार निवांतपणे पाहावेत. बँकॉकला वाट फो येथे ४६ मीटर लांबीची शयनस्थ बुद्धमूर्ती आहे. सहलीच्या यादीत तिचे नाव आहे का, हे विचारून घ्यावे, कारण अनेक सहली केवळ राजवाडा दाखवून बाजारात नेतात.

पांढरी, खांदे व गुडघे झाकणारी वस्त्रे न्यावीत. श्रीलंकेत बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे अवमानकारक मानतात. पौर्णिमा तेथे सार्वजनिक सुटीची असते. विहारांत उपासकांची मोठी गर्दी होते. जहाज त्या दिवशी पोहोचत असेल तर गर्दीचा वेळ धरून निघावे, पण तो दिवस टाळू नये.

ठिकाण बंद असल्याचे तेथे गेल्यावर कळले, असे होऊ शकते का?

स्वतःच्या जबाबदारीवर जाणाऱ्यांचे हमखास होते. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी बंद असतात, फ्लॉरेन्सचे उफिझी सोमवारी, पॅरिसचे लूव्र मंगळवारी. आपल्या घारापुरीच्या लेणीही सोमवारी बंद असतात. जहाज मुंबईला थांबणार असेल आणि आपण लेणी पाहिल्या नसतील, तर हे ध्यानात ठेवावे. त्या दिवशी मुंबईत राहणाऱ्या नातेवाइकांना भेटण्यातही काही कमीपणा नाही.

घड्याळ कोणते पाळावे?

जहाजाचे. मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवतो आणि काही बंदरांत जहाजाची वेळ तिच्याहून तासभर वेगळी असते. म्हणून हातातले साधे घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवावे. समुद्रात असताना मोबाइल विमान स्थितीत ठेवावा. जहाजावरील उपग्रह जोडणीचे बिल फार मोठे येते.

एखादे बंदर ऐनवेळी रद्द झाले तर पैसे परत मिळतात का?

कंपनीची सहल असेल तर मिळतात. बाहेरून आगाऊ नोंदवलेल्या गाडीचे पैसे त्या माणसाच्या अटींवर अवलंबून असतात, म्हणून “जहाज न आल्यास पूर्ण परतावा” हे लेखी घ्यावे. वादळी वाऱ्यामुळे, विशेषतः जेथे छोट्या नावेने उतरवतात अशा बंदरांत, थांबा रद्द होणे नित्याचे आहे. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून अनेक कंपन्यांनी सुएझचा मार्गच टाळला. आम्ही ज्या वाटेने गेलो, त्या वाटेची पत्रिका आज कोणी दाखवली तर मी त्यांना आधी मार्गाची खात्री करून घ्यायला सांगतो.

सहल घरूनच नोंदवावी की जहाजावर गेल्यावर?

ज्या चार-पाच ठिकाणांसाठी आपण निघालो आहोत, त्यांच्या सहली घरून नोंदवाव्यात, कारण त्या भरतात. बाकीच्या जहाजावर गेल्यावर, शरीर कसे साथ देते ते पाहून ठरवाव्यात. रद्द करण्याची मुदत बहुतेक ठिकाणी एक-दोन दिवस आधीपर्यंत असते. ती नोंदवतानाच विचारून घ्यावी. पत्रकात “हस्तकला केंद्रास भेट” असे शब्द दिसले तर ते दुकान आहे असे समजावे. आमच्या एका सहलीत गालिच्यांच्या दुकानात सव्वा तास गेला आणि ज्या अवशेषांसाठी आम्ही पैसे भरले होते त्यांना चाळीस मिनिटे मिळाली. प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष किती वेळ थांबणार, हे काउंटरवर विचारावे आणि ते उत्तर वहीतल्या तासांच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवावे.

मुलगा जर्मनीत असतो. हॅम्बुर्गला जहाज थांबेल तेव्हा तो आम्हाला जहाजावर भेटू शकेल का?

जहाजावर पाहुण्यांना सहसा येऊ देत नाहीत; क्वचित परवानगी मिळते, पण ती कित्येक दिवस आधी मागावी लागते. त्याने बंदराच्या दाराशी यावे आणि आपण उतरून त्याच्यासोबत दिवस घालवावा. त्या दिवसाची कोणतीही सहल नोंदवू नये.